पानाच्या तळाशी काळा वैद्य

५ जून

चिमे,

आशीर्वाद, तब्येतीची चौकशी, हवापाणी हे सगळं लिहिलं आहे असं समज आणि पुढे वाच. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "लिहितेय" म्हणून ठेवतेस. मेल करावा तर संगणकात ठेवलेलं काहीही आपलं राहत नाही, हे मला या आठवड्यात कळलं. म्हणून कागद.

तुझं 'कसाईखिंड' चोरीला गेलं. छापील नव्हे, छापील चोरायला निदान पिशवी आणावी लागते. ई-पुस्तक गेलं. शुक्रवारी आपण ते आपल्या साइटवर विकायला ठेवलं आणि सोमवारी ते एका फुकट्या साइटवर जसंच्या तसं, मुखपृष्ठासकट. खाली लोक आभार मानताहेत. चोराचे! एकाने तर लिहिलंय, "चित्रं जरा काळपट आलीत, पुढच्या वेळी लक्ष द्यावं." देईन. त्याचा पत्ता मिळू दे. सोमवारपासून आपली विक्री बंद पडल्यातच जमा.

हा तुझा खेळ मला कधी कळला नाही. पाच धडधाकट माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातले कसाई, वैद्य, भाडोत्री मारेकरी होतात, आणि कोणाचं काय तुटलं ते फासे टाकून ठरवतात. पण त्यासाठी त्यांना नियमांचं जाड पुस्तक लागतं, ते तू शाळेतली नोकरी सोडून लिहितेस, मी छापतो, बांधतो, विकतो, आणि दोन घरं त्यावर चालतात, एवढं कळतं.

आता ऐक. आपण ई-पुस्तक विकलं की त्याच्या प्रत्येक पानाच्या तळाशी घेणाऱ्याचं नाव आपोआप उमटतं. चोरीच्या प्रतीतही ते आहे, पुसायची अक्कल कोणाला झाली नाही. पान एकपासून शेवटपर्यंत एकच नाव: 'काळा वैद्य'. पैसे दुकानात रोखीने मिळणाऱ्या कूपनाने भरलेत, त्यामुळे पुढचा माग नाही. संगणकवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "साहेब, नावापलीकडे काही दिसत नाही." कानाखाली एक दिली. तरी दिसेना.

मी त्याला शोधणार. मग काय करणार ते लिहीत नाही, तू घाबरशील. खरं तर नाही घाबरणार, तुझं पुस्तक मी बांधताना चाळलंय.

वहिनी बरी आहे. परवा कपाटाचं दार लागून डोळा सुजलाय. वेंधळी आहे.

दादा

११ जून

दादा,

नमस्कार. वाकून केलाय, उसण भरली, औषधाचा खर्च तुझ्याकडे.

चोरीचं वाचून वाईट वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला; माझं पहिलं पुस्तक तर कोणी चोरलंही नव्हतं. मला चोरांची पत्रं येतात. "तुमचं पुस्तक फुकट वाचलं, फार आवडलं, पुढचं केव्हा?" मी कळवते, "पहिलं विकत घ्याल तेव्हा." मग ते दुखावतात. लेखकाने असा व्यवहारी विचार करू नये म्हणतात.

आपणही काही शहाणे नाही. कागद नाही, शाई नाही, शिवण नाही, तरी ई-पुस्तकाला तू छापील पुस्तकाचीच किंमत लावलीस. निम्मी कर. निम्मे चोर गिऱ्हाईक होतील, उरलेले निदान लाजतील.

आणि काळ्या वैद्याचा नाद सोड. ते माणसाचं नाव नाही, पात्राचं आहे. हे लोक पुस्तक घेतानाही स्वतःचं नाव टाकत नाहीत, खेळातलं टाकतात. वर माझाच एक नियम आहे: टेबलावरचा कोणी उठून गेला तर त्याचं पात्र मरत नाही, खुर्चीत नवा बसेल त्याला ते मिळतं, फाशांसकट, पुस्तकांसकट, साइटवरच्या खात्यासकट. आज काळा वैद्य एक, उद्या दुसरा. तुला माणूस नाही, खुर्ची सापडेल. तिला हाण दोन लाथा आणि घरी जा.

माणूस सापडलाच, तर बोटांपासून सुरुवात कर. माझा जखमांचा तक्ता सहा बघ, क्रमवार दिलंय.

वहिनीचा डोळा कोणत्या कपाटाने सुजवला? तुमच्याकडे सगळ्या कपाटांची दारं सरकती आहेत. फारच कर्तबगार कपाट दिसतंय.

चिमी

१६ जून

प्रिय वन्सं,

तुमचा कपाटावरचा विनोद तुमच्या दादांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर कपाट पुन्हा लागलं. या वेळी मनगटाला. तेव्हा यापुढे विनोद मला एकटीला पाठवा, ग्रंथालयाच्या पत्त्यावर. इथलं टपाल मीच फोडते, आणि या नोकरीतली मला आवडणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

काळा वैद्य मी आहे. म्हणजे होते.

दर मंगळवारी ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी असते असं घरी सांगितलेलं आहे. मोजणी नसते. वरच्या मजल्यावर आम्ही पाच जण तुमचा खेळ खेळतो: एक दातांचे डॉक्टर, एक ट्रक चालवणारी बाई, एक निवृत्त पोस्टमन, एक नकाशे काढणारा, आणि मी. मी कोणाची कोण ते त्यांना माहीत नव्हतं. पुस्तक मला घरात मागता आलं असतं, पण मग कशाला हवं ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी माझ्याच नवऱ्याच्या दुकानातून, पूर्ण किमतीला, कूपन आणून विकत घेतलं. माझ्याइतकं प्रामाणिक गिऱ्हाईक तुम्हाला शोधून सापडणार नाही.

ट्रकवाल्या बाईचा पगार अडकला होता. मी तिला फाइल पाठवली. तिने तिच्या भाच्याला, भाच्याने जगाला.

विक्री थांबली त्या दिवशी तुमचे दादा घरी लवकर आले, त्याचा हा डोळा. टेबलावर चौघंही डोळ्याकडे बघत राहिले, कोणी फासे टाकेना. मला ते सोसेना म्हणून मी खुर्ची सोडली. काळा वैद्य आता डॉक्टरांकडे आहे, खात्यासकट. मी का उठले ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

यांना कळलं की ती मीच, तर मी या घरातून चालत बाहेर येणार नाही. हे मी घाबरून लिहीत नाही, बघून लिहितेय.

आणि वन्सं, तक्ता सहामध्ये एक चूक आहे. मनगट पिरगळलं तर 'दोन फेऱ्या हात निकामी' असं तुम्ही दिलंय. दोन फेऱ्यांत बरा होत नाही. भाकड हिशेब आहे.

तुमची वहिनी

२० जून

वहिनी,

तू इकडे ये. दोन खोल्या आहेत, एकीत न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे आहेत, ते मी आजच जिन्यात काढते. घरमालक बोंबलेल, बोंबलू दे. कपड्यांची बॅग भरू नकोस, बॅग दिसते. ग्रंथालयातून निघ आणि सरळ ये.

दादाला मी चोर परदेशात आहे म्हणून कळवतेय. खोटं लिहायचा मला पगार मिळतो, जमेल.

कपाटाबद्दल काय लिहू. माझी जीभ इतकी लांब असूनही कोणाला लागते ते तिला दिसत नाही.

चिमी

२० जून

दादा,

चोर सापडला. समुद्रापलीकडे बसलाय, एका गोदामात, असे पन्नास जण आहेत, दिवसभर हेच करतात. काळा वैद्य हे त्यांनी कुठूनतरी उचललेलं नाव. तू तिथे पोचणार नाहीस आणि पोचलास तरी तुला त्यांची भाषा येत नाही. मी त्या साइटला तक्रार पाठवली आहे. किंमत निम्मी कर आणि छापायला बस.

चिमी

२८ जून

चिमे,

समुद्र वगैरे ओलांडायची गरज पडली नाही. तुझं पत्र येण्याआधीच मी गळ टाकला होता.

त्या खात्यावर निरोप पाठवला: "काळा वैद्य यांस, लेखिकेच्या सहीची, कातडी बांधणीची खास प्रत भेट. छापखान्यात येऊन घेऊन जावी." तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ हजर. दातांचा डॉक्टर! इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईसारखा धरलेला फाशांचा बटवा. म्हणतो, "छापखाना आतून बघायला मिळेल का?" म्हटलं, का नाही.

बांधणी विभागात नेलं. नवी पुस्तकं दाबून ठेवायचा आपला लोखंडी शिकंजा तुला माहीत आहे, वर चाक असलेला. म्हटलं, हात ठेवून बघा, काय गुळगुळीत आहे. ठेवला! एवढा शिकलेला माणूस. मी चाक फिरवलं.

पहिल्या फेरीला तो हसला, त्याला गंमत वाटली. दुसरीला हसू गेलं. मी म्हटलं, "पुस्तक कोणी चोरलं?" म्हणाला, "मी नाही, ही खुर्ची मला आत्ता मिळालीय." तुझा नियम खरा निघाला बघ. मग मी सरळ विचारलं, "तुझ्या आधी खुर्चीत कोण होतं?" तिथे गडी गप्प झाला. मी विचारतोय आणि हा माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघतोय. करंगळी आधी गेली, ओली काटकी मोडावी तसा आवाज येतो, सुकी नव्हे. तू पुस्तकात 'कडाड' लिहिलंयस ते चूक. मग तिच्या शेजारचं. मग मधलं. ओकला, चड्डी ओली केली, आईला हाका मारल्या. नाव सांगितलं नाही.

तू सांगितलंस तसं क्रमानेच गेलो.

तो पोलिसांकडे जाणार नाही. त्याचा दवाखाना कुठे आहे आणि त्याची मुलगी कोणत्या रस्त्याने घरी येते ते मला ठाऊक आहे, एवढं त्याच्या कानात सांगितलं आणि रुमाल बांधून रिक्षात बसवलं. रिक्षाचे पैसे मी दिले. पुढच्या शुक्रवारी उरलेली दोन बोटं घेऊन ये म्हटलंय, किंवा नाव.

शिकंज्याची कड पुसायला अर्धा दिवस गेला. बाहीवर रक्त होतं, वहिनीला कागद कापताना लागलं म्हणून सांगितलं. ती हल्ली फार शांत असते.

दादा

१ जुलै

वहिनी,

त्याचं पत्र आलं. डॉक्टरांच्या हाताचं तुला कळलं असेल किंवा नसेल, मी लिहून हात विटाळत नाही. तीन बोटं. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही.

मला विनोद सुचत नाहीये, यावरून ओळख. मी मारे क्रमवार तक्ता बघ म्हणून लिहिलं होतं. बघितला त्याने.

शुक्रवारच्या आत निघ. डॉक्टरांना मुलीसकट गाव सोडायला सांग. दादाला काही सांगू नकोस, चिठ्ठी ठेवू नकोस, शेवटची समजूत घालायला जाऊ नकोस. त्याच्या हाताखाली मीही वाढले आहे. तो समजूत ऐकून घेतो, पूर्ण ऐकतो, आणि मग मारतो.

गठ्ठे काढलेत. खोली रिकामी आहे.

चिमी

३ जुलै

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र येण्याआधीच मला कळलं होतं. मंगळवारी मी वर गेले, खुर्ची सोडली तरी पाय वळले. डॉक्टर आले होते. हाताला मोठं बोचकं बांधलेलं. फासे डाव्या हाताने टाकत होते, सारखे टेबलाखाली पडत होते, आणि ट्रकवाली बाई दर वेळी वाकून उचलून देत होती.

जिन्यात मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलं?" ते म्हणाले, "वहिनी, छापखान्याच्या भिंतीवर उद्घाटनाचा फोटो आहे. तुम्ही हार घेऊन उभ्या आहात. चाक फिरत होतं तेव्हा मी तोच बघत होतो. तुमचा डोळा मंगळवारी बघितला होता, त्याचा अर्थ तिथे लागला." मग म्हणाले, "दात उपटताना लोक मला इतक्या शिव्या देतात, मला वाटायचं मला दुखण्याची सवय आहे."

मुलीला त्यांनी मावशीकडे धाडलंय. ते स्वतः जायला तयार नाहीत.

वन्सं, मी पळून आले तर यांचं चाक थांबणार नाही. शुक्रवारी ते डॉक्टरांकडे जातील, मग पोस्टमनकडे, मग नकाशेवाल्याकडे. प्रत्येकाला विचारतील, खुर्चीत कोण होतं. कोणीतरी सांगेलच, किंवा कोणीच सांगणार नाही, आणि ते जास्त वाईट. म्हणून मीच सांगणार आहे. गुरुवारी, भर दुपारी, छापखान्यात, मशिनं बंद असताना. चौघं बरोबर येताहेत. मी नको म्हटलं. ट्रकवाली बाई म्हणाली, "कशात लिहिलंय, वैद्याने एकटीने जायचं म्हणून?"

त्यानंतर येते. खोली झाडून ठेवा, गठ्ठ्यांची धूळ मला सोसत नाही.

तुमची वहिनी

१७ जुलै

चिमे,

हे पत्र मी सरकारी दवाखान्यातून लिहितोय. जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही, पेजेवर आहे, नळीने. दाराशी पोलीस बसलाय, तो दिवसभर शिंकतो. बोलता येत असतं तर तुला फोनच केला असता, तू उचलला नसतास ही गोष्ट वेगळी.

तुला एव्हाना त्यांची बाजू कळली असेल. आता माझी ऐक. गुरुवारी दुपारी ती चार टोळभैरव घेऊन माझ्या छापखान्यात शिरली आणि यंत्राला टेकून शांतपणे म्हणाली, "पुस्तक मी घेतलं होतं. फाइल मी दिली. बोटं माझी मोडायची होती." माझ्या घरात! माझ्या ताटात जेवून! मी पूर्ण ऐकून घेतलं. शिकंज्याचा दांडा हाताशी होता. तिच्या गळ्याशी लागला, हाड गेलं, मला हाताला कळलं. ती खाली बसली पण ओरडली नाही, हे मला फार लागलं. दुसरा मारताना तो डॉक्टर मध्ये आला, फटका त्याच्या बांधलेल्या हातावर बसला, मग मात्र ओरडणं झालं. म्हाताऱ्या पोस्टमनने माझा पाय धरला, धरूनच राहिला, मी त्याच्या पाठीत दोन घातले तरी सोडेना. मग त्या ट्रकवाल्या बाईने बांधणीचा हातोडा उचलला. बाईमाणसाला इतका जोर असू शकतो हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी माझे चार दात गिळले.

पोलिसांनी पाचही जणांचे जबाब घेतले आणि पकडलं मला. मालकाला! चोरी माझी झाली, दुकान माझं, आणि आत मी.

दोन कामं कर. एक, जामिनाला तू उभी राहा आणि वकिलाला सांग की दादा स्वभावाने मऊ आहे, लहानपणापासून बघतेय. दुसरं, ती कुठे आहे ते कळव. दवाखान्यातून ती दुसऱ्याच दिवशी गेली, कोणी सांगत नाही. मला फक्त बोलायचंय तिच्याशी. तारा निघाल्या की.

दादा

२ ऑगस्ट

दादा,

जामिनाला मी येणार नाही. वकिलाला मी भेटले, तुझ्या नाही, समोरच्या. दादा स्वभावाने कसा आहे आणि लहानपणापासून काय काय बघतेय, ते त्याला सविस्तर सांगितलं. त्याने मध्येच पाणी मागवलं. मला वाटलं मला. तो स्वतः प्यायला.

डॉक्टरांच्या हातावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. करंगळी काढावी लागली. उरलेली वळतात, पण दात कोरायचं यंत्र त्या हातात धरता येत नाही, धरलं की थरथरतं. दवाखान्यावर भाड्याची पाटी लागली. पोस्टमन काठीने चालतो. ट्रकवाल्या बाईवरही खटला आहे, हातोड्याचा, आणि ती म्हणते, निकाल काहीही लागो, माझा नेम चुकला, मला डोकं हवं होतं.

साइट मी ताब्यात घेतली. लेखिका मी आहे, करारात तसं आहे, तू वाचला नव्हतास. कसाईखिंड आता ज्याला जे द्यायचं ते देऊन घ्यावं. फुकट घ्यायचं तर फुकट. गंमत म्हणजे बरेच जण देतात, काही जण जास्तच देतात, जे पैसे येतात ते डॉक्टरांकडे जातात. पानाच्या तळाशी आता कोणाचंही नाव उमटत नाही. संगणकवाल्याने ते एका मिनिटात बंद केलं. फार आनंदाने केलं.

पुढचं पुस्तक लिहायला बसले होते. जखमांचा तक्ता आला की हात थांबतो. मी पन्नाशीला टेकलेली बाई, आयुष्यभर कागदावर माणसं फोडली, आणि हाड मोडल्याचा आवाज मला कोणाकडून कळावा, तर तुझ्याकडून, बारकाव्यासकट, दुरुस्तीसह. तो तक्ता मी काढून टाकणार नाही. खरा लिहिणार आहे. मनगटापासून. वहिनी शेजारी बसून सांगते, मी उतरवून घेते. खेळणाऱ्यांना आवडेल का, माहीत नाही. बहुतेक नाही.

तिचं हाड वाकडं जुळलंय. डावा हात खांद्यावर जात नाही, केस मी विंचरते. ती रात्री खुर्ची दाराला लावून झोपते. मीही दुसरी लावते.

तुला ती कुठे आहे ते हवंय. ती आहे, एवढं तुला पुरे. माझं जुनं घर तुला माहीत होतं म्हणून ते सोडलं; गठ्ठे तिथेच राहिले, घरमालक अजून बोंबलत असेल. तुझ्या तारा निघाल्याचं कळलं. निकाल लागेल, मग कधीतरी तू बाहेरही येशील. तेव्हा विचारत फिरशील, पूर्ण ऐकून घेशील, मला ठाऊक आहे.

हे पत्र मी टाकत नाहीये. ट्रकवाल्या बाईकडे दिलंय. ती माल घेऊन लांब जाते, वाटेत मनाला येईल त्या पेटीत टाकेल, कुठल्या ते मलाही सांगू नकोस म्हटलंय. पाकिटावरचा शिक्का तू आधी वाचशील, पत्राच्याही आधी. तिथलं तिकीट काढू नकोस. तिथे आम्ही नाही.